वाटीचा पोचा

शहरातून अक्षरांचा अभ्यास करायला आलेल्या एका मुलीने मला फसवलं. माझी वाटी नेली, ती परत दिली नाही.

मी रत्नागिरीच्या बंदरात होड्यांवर नावं रंगवतो. कुणाकडे शिकलो नाही. दुसऱ्या होडीवरून वाचता यावं म्हणून माझं अक्षर जाड आणि साधं. फुटपट्टीने दांडा, वाटी उपडी घालून गोल, वर रुंद शिरोरेघ. व, ब, क, सगळे त्याच एका गोलातून. एवढ्या भांडवलावर पावस गावच्या आंब्याच्या पेट्या रंगवायला मिळाल्या, दुकानांच्या पाट्या मिळाल्या.

वाटी बायकोची. नवीन लग्न झालं होतं तेव्हा सोलकढी खारट झाली म्हणून मी ती उंबऱ्यावर भिरकावली. काठाला पोचा पडला. दुसऱ्या दिवशी तिने वाटी धुऊन माझ्या ब्रशांच्या डब्यात ठेवली. "ह्या वाटीत आता तुम्हाला कढी नाही. रंगकामाला घ्या."

घेतली. पोच्यामुळे प्रत्येक गोल डावीकडे खाली जरा चपटा यायचा. एका होडीचा तांडेल म्हणाला, "पेंटर, तुझी अक्षरं बूड टेकून बसतात. होडीला हेच बरं!" मी घरी फुशारकीने सांगितलं तर ही म्हणाली, "राग तुमचा, कौतुकही तुमचंच. वाटीला कोण विचारतंय?"

बायको वारली, त्यानंतर ही मुलगी आली. होड्यांचे फोटो काढले. "काका, वाटी महिनाभर नेऊ? मापं घेऊन परत आणते." मी फुकट काही देत नाही. तिच्याकडचे उंची ब्रश मागितले, सगळा संच. ती एका शब्दात कबूल झाली. समोरचा घासाघीस करत नसेल तर आपण स्वस्तात गेलो, हे मी दुसऱ्यांना शिकवतो. त्या दिवशी मात्र ब्रशांकडेच बघत राहिलो.

आता हातखंब्याच्या फाट्यावर उतरलो की समोरच्या हॉटेलच्या पाटीवर माझी अक्षरं. त्या मुलीने ती कॉम्प्युटरवर चढवलीत, कुणालाही मिळतात म्हणे. भाच्याच्या लग्नपत्रिकेतही बारीक करून घातली होती. चष्मा लावूनही मुहूर्त वाचता आला नाही, नुसते काळे गोळे. होडीची अक्षरं ती, पत्रिकेत कशी मावणार? पण हातखंब्याच्या पाटीवर प्रत्येक गोलाला डावीकडे खाली तो पोचा आहे. मी बघत उभा राहतो आणि पुढची एसटी निघून जाते.

तिला फोन केला. "काका, घर बदलताना वाटी कुठेतरी गेली. पण पोचा तसाच ठेवलाय हां, मुद्दाम."

मुद्दाम! तोंडाला येईल ते बोललो आणि फोन बंद केला.

घरात सहातल्या पाच वाट्या उरल्यात. कढी मीच करतो, खारट होते, मुकाट पितो.

पोरी, अक्षरं ठेव तू. त्यांना नाव काय दिलंस तेही विचारत नाही. वाटी कुठल्या खोक्यात टाकलीस, कुणाला दिलीस, ते सांग. तुझे ब्रश मी अजून एकदाही रंगात बुडवलेले नाहीत. ते घेऊन तुझ्या दारात येऊन बसेन. उत्तर दे.