लेकीचे केस आणि नर्मदेचं पाणी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या ताईचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मी जावं म्हणून सातवीतून शाळा सोडून घर सांभाळणारी ती. हे मी पुष्कळ जणांना सांगितलं आहे. पण तिची फार आठवण मला आली ती माझ्या लेकीचे केस विंचरताना.

आम्ही इंदूरला अन्नपूर्णा भागात राहतो. बायको नर्स आहे. मागच्या वर्षी तिची ड्यूटी सकाळची झाली आणि ती उजाडता उजाडता घराबाहेर पडू लागली. लेक पाचवीत. तिने केस वाढवायला घेतले होते, कमरेपर्यंत न्यायचेच असं ठरवून. आता रोज सकाळी ते केस माझ्या हाती आले.

पहिल्या दिवशी मी कंगवा थेट टाळूपासून खाली ओढला.

"बाबा, दुखून राहिलं ना यार!"

"यार काय? बाबा म्हण."

"बाबा यार, दुखून राहिलं!"

कशीबशी घातलेली वेणी स्कूलबसपर्यंत पोचेतो अर्धी सुटली. शेजारच्या काकी गॅलरीतून ओरडल्या, "क्यों भिया, चोटी बनाई है कि झाडू बांधी है?" लेक रडत बसमध्ये चढली.

संध्याकाळी बायकोने निकाल दिला. "हे रोजचं रडं मला नको. गणपतीपर्यंत बघते. जमलं तर ठीक, नाहीतर पार्लरला नेऊन सरळ बॉय-कट." लेक माझ्याकडे बघत राहिली. केस राहायचे की जायचे, हे आता माझ्या हातांवर होतं, आणि त्या हातांना फाइल लावण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मग मी आठवायला लागलो. आमच्या कसब्यात ताई दर रविवारी न्हायची. शिकेकाई, रिठे, आवळकाठी आदल्या दिवशी लोखंडी कढईत भिजत आणि सकाळी चुलीवर उकळत. ती अंगणातल्या फरशीवर ओणवी बसे, मी तांब्याने पाणी ओतत असे. "हळू रे! हत्ती धुतोयस का?" न्हाऊन झालं की ती उन्हात बसून गुंता काढी. आधी टोकं सोडवायची, मग जरा वर, मग आणखी वर. तेवढ्या वेळात मला तिच्यासमोर पाढे म्हणावे लागत. चुकलो की ओल्या केसांचा फटकारा तोंडावर. शिकेकाईचा वास आला की अजून माझ्या तोंडात बाराचा पाढा येतो.

तेच सगळं मी आमच्या फ्लॅटमध्ये सुरू केलं. राजवाड्याच्या मागे एका पंसाऱ्याकडून शिकेकाई-रिठे आणले. शनिवारी संध्याकाळी कोमट खोबरेल, बोटांच्या पेरांनी हळूहळू जिरवायचं. रविवारी न्हाणं. रुंद दातांचा लाकडी कंगवा, आणि टोकांकडून वर. पहिल्या खेपेला काढा मी चहाच्या गाळणीने गाळला. लेक आरशासमोर जाऊन आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्या डोक्यात चहापत्ती आहे." तेव्हापासून धोतराच्या जुन्या फडक्याने गाळू लागलो.

पण एक कोडं सुटेना. एका रविवारी केस रेशमासारखे, तर पुढच्या रविवारी सुतळीसारखे. काढा तोच, तेल तेच, हातही माझेच. शिकेकाई जुनी निघाली असेल म्हणून मी पंसाऱ्याशी भांडूनही आलो. मग एका रविवारी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "नर्मदा आली, बादल्या लावा!" आणि बादली नळाखाली सरकवता सरकवता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो. ज्या रविवारी नळ, त्या रविवारी न्हाणीत भरलेल्या बादल्या असत. मधल्या रविवारी मी टाकीचं बोरिंगचं पाणी घेत होतो, जड आणि खारट. आठवड्याचे दिवस सात, म्हणून एका रविवारी नळ आला की पुढच्या रविवारी तो नसणारच. इंदुरात इतकी वर्षं काढून हे मला सुचलं नव्हतं.

"प्यायचं पाणी डोक्यावर ओतणार?" बायको म्हणाली. "महाराणी आहे का ही?"

"मी बोरिंगने आंघोळ करीन. शनिवारच्या नळाला फक्त दोन बादल्या झाकून ठेवू दे."

"भरायच्या तुम्ही. आणि वाटेत ठेवल्यात तर मी ओतून देईन."

बादल्या झाकताना आठवलं, की आमच्या अंगणात हापशी असूनही ताई रविवारी पाणी लांबच्या, मारुतीमागच्या विहिरीवरून आणायची. मी लगेच फोन लावला. "ताई, आपल्या हापशीचं पाणी खारं होतं ना? म्हणून तू विहिरीवर जायचीस?"

ती खळखळून हसली. "खारं-गोडं मला काय ठाऊक? रविवारी माझ्या वर्गातल्या मुली यायच्या तिथे. शाळेत काय काय झालं ते सांगायच्या. न्हायचं निमित्त करून जायचे रे. ठेव आता, बिल वाढतं."

फोन ठेवून मी दुसरी बादली झाकली.

गणपती बसले त्या दिवशी बायकोला सुट्टी होती. आरतीनंतर तिने लेकीला पुढ्यात बसवलं, वेणी सोडली आणि बारीक कंगवा वरून खालपर्यंत फिरवला. कंगवा कुठे अडला नाही. तिने पुन्हा फिरवला. लेकीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"राहू देत," बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "वेणी मात्र अजून वाकडीच घालता."

लेक उड्या मारत काकींना सांगायला पळाली. त्याच संध्याकाळी मी ताईला पत्र लिहिलं.

"ताई,

फोनवर तू ठेव-ठेव करतेस, म्हणून कागदावर लिहितो. इथे बिल वाढत नाही, सावकाश वाच.

पोरीचे केस राहिले. तिच्या आईने स्वतः कंगवा फिरवून पाहिला. मला जे काही आलं ते तुझ्याजवळ बसून आलं.

केस राहिले याचा आनंद तिच्यापेक्षा मला जास्त झाला. वेणी घालताना ती माझ्याशी बोलते. कोणाशी भांडण झालं, कोण डबा वाटून खात नाही, कोणत्या बाई रागावल्या, सगळं. केस गेले असते तर ही सकाळही गेली असती. विहिरीचं सांगताना तू हसलीस, पण मला काही हसू आलं नाही. तुझी शाळा सुटली म्हणून माझी झाली, हे मला माहीत होतं. तुला ती किती हवी होती, ते त्या दिवशी कळलं.

दिवाळीनंतर इकडे ये आणि चांगली महिनाभर राहा. पोर विचारते, आत्याला खजुरी चोटी येते का? मला येत नाही.

तुझा भाऊ"