सायकल उभी, काळीज पळतंय

आमच्या ह्यांच्या काळजात स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रोज सायकल चालवायची, आणि फुटबॉलची मॅच बघायची नाही. पहिलं ऐकून हे हसले. दुसरं ऐकून असं तोंड केलं की मला वाटलं, आता परत आत न्यावं लागतंय.

कोल्हापुरात पेठेतल्या माणसाला जेवू नको म्हटलेलं परवडलं. त्यात ह्यांनी तरुणपणी पेठेच्या संघाकडून गोल अडवलेले. तरी घरी आल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "मैदानात पाय टाकणार न्हाय."

मग सायकल आली. पोरीनं पुण्याहून घड्याळ पाठवलं. मनगटाला बांधलं की किती फिरलात, काळीज किती ठोके मारतंय, सगळं मोबाईलवर. रोज संध्याकाळी हे घट्ट चड्डी आणि डोक्यावर ते हेल्मेटचं टोपडं घालून निघायचे आणि आल्या आल्या मोबाईल माझ्या नाकासमोर धरायचे. त्यावर हिरवं वर्तुळ, आत लिहिलेलं, "शाब्बास! आज तुम्ही कमाल केलीत!" मी इतकी वर्षं भाकरी थापतेय, मला कधी कुणी हिरवं वर्तुळ दाखवलं नाही. "गडमुडशिंगीपर्यंत गेलतो," हे सांगायचे, आणि मी खुळी ताकाचा तांब्या पुढं करायची.

पोरगी मात्र माझ्यावर गेलीय. सॉफ्टवेअरमध्ये आहे, फुकटच्या शाब्बासकीवर तिचा विश्वास नाही. म्हणाली, कंपनी वरवरचं गोड तेवढं दाखवते, फेरीची सेकंदासेकंदाची नोंद आत पडून असते. ती उपसून काढायचा प्रोग्राम तिनं खास बापासाठी लिहिला. आणि एका दुपारी तिचा फोन आला, रडतच.

"आई, बाबांना आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने. सायकल एका जागी उभी असते आणि ठोके नुसते धावत असतात. चढावरसुद्धा एवढे जात नाहीत. गेल्या आठवड्यातही झालंय, त्याच्या आधीही."

तिनं चित्र पाठवलं. निळी रेघ चाकाची, ती आडवी झोपलेली. तांबडी रेघ काळजाची, ती डोंगर चढलेली. चष्मा लावून नीट बघितलं. एक डोंगर, मधे जरा सपाटी, परत तेवढाच डोंगर.

"अगं खुळे," मी म्हणाले, "ह्यो रोग न्हवं. मधला हाफटाइम हाय!"

"काय?" ती म्हणाली. पुण्यात राहून पोरगी पार वाया गेली.

त्याच संध्याकाळी आमच्या पेठेची मॅच होती. चपला सरकवल्या आणि रिक्षा करून मैदान गाठलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ! चारचौघांत कॉलर धरायची, हे रिक्षातच ठरवलेलं. पण आत जायची वेळच आली नाही. हे भिंतीबाहेर, भेळेच्या गाडीशेजारी, एक हात सायकलीवर ठेवून भिंतीला कान लावून उभे. दिसत काही नव्हतं. आत ओरडा उठला की ह्यांचा चेहरा पांढराफटक.

मला बघून दचकले. "पाय टाकलेला न्हाय की! आईशप्पत!"

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून मोठी आरोळी उठली. ह्यांनी माझा हात गच्च धरला. "कुणाचा? गोल कुणाचा?" मलाच विचारतात, जसं मला भिंतीपलीकडचं दिसतंय! हात गार पडलेला. मी घाबरले. हा माणूस गोल न बघताच जायचा.

"चला आत," मी म्हणाले.

"आणि डॉक्टर?"

"त्यो बी आतच असंल. पलीकडच्या पेठेचा हाय, मला ठावं न्हाय व्हय?"

"आणि शपथ?"

"डोकं माझं हाय. मी सोडली."

आत नेऊन बसवलं. ओरडायचं नाही, अशी तंबी दिली. ह्यांच्या वाटचं मीच ओरडले, घसा बसला. आणि एवढं करून आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन. "आई, काल डोंगर केवढे बुटके आलेत! गोळी बदलली का?"

तिला काय सांगू? ऑपरेशनच्या दिवशी दार लावून ह्यांना आत घेतलं. मी बाहेर बाकड्यावर. आतनं कशाचं तरी खणखणणं, कुणाची तरी पळापळ, आणि मला कळेना, आपण जिंकतोय का हरतोय. त्या दिवशी घड्याळ माझ्या मनगटावर असतं, तर पोरीचा प्रोग्राम जळून गेला असता.

"गोळी तीच हाय गं," मी म्हणाले. "काल त्यांना दिसत होतं."