माळ्यावरची टाकी

माझ्या सासूबाई, गिरिजाबाई, कोणालाही घाबरायच्या नाहीत. सोसायटीचा सेक्रेटरी त्यांना जिन्यात बघितलं की मोबाइल कानाला लावून निघून जायचा. घाबरायच्या त्या एकाच गोष्टीला, नळ कोरडा पडण्याला. आणि त्या भीतीपायी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर सातशे लिटर पाणी ठेवलेलं होतं. हे मी उगाच म्हणत नाही. ते खरंच डोक्यावर होतं.

भाईंदर पूर्वेचं आमचं घर वन रूम किचन. शहाऐंशी साली सासरे, पंढरीनाथ, गिरगावची खोली सोडून इथे आले तेव्हा चार-चार दिवस पाणी यायचं नाही. म्हणून तीन वर्षांनी त्यांनी गवंडी बोलावून किचनच्या माळ्यावर विटांची टाकी बांधून घेतली, आतून पांढऱ्या टाइल्स लावल्या, खाली ओट्याशी नळ काढला. बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांत अशाच टाक्या. पिंपं नि गाद्या ठेवायच्या माळ्यावर एवढं पाणी चढवतोय, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे सासरे गेले, टाकी राहिली. टाकीखाली ओटा, ओट्याशी मी, आणि माझ्या पायाशी दोन वर्षांची रुचिता डबे वाजवत बसलेली.

सासूबाईंची एक सवय मला अजिबात खपायची नाही. रुचिताला पाणी द्यायचं झालं की आधी स्वतः एक घोट घ्यायचा आणि मग तोच पेला तिच्या तोंडाला लावायचा. "आई, उष्टं नका हो पाजू," मी रोज म्हणायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर आम्ही किचन नवं करायचं ठरवलं. कडप्प्याच्या सांध्यांतून झुरळांची वरात निघायची. यतीन, म्हणजे माझा नवरा, स्टेशनजवळच्या ट्रॉलीवाल्या जयकुमारला घेऊन आला. त्याने ट्रॉल्यांची मापं घेतली, ग्रॅनाइटचे तुकडे दाखवले. मग सहज टेपच्या डबीने माळ्याला खालून टकटक केलं. आवाज पोकळ आला. पांढऱ्या सिमेंटचा एक पोपडा निघून ओट्यावर पडला आणि आतली सळई दिसली. त्याने नखाने खरवडली तर गंजाचे पापुद्रेच हातात आले.

"यतीनभाई, पहले टाकी खाली करो," तो दोन पावलं मागे सरकत म्हणाला. "सलिया पूरा सड गया है. मैं हथौडा मारूं और सब नीचे आ जाए तो?"

"ट्रॉल्या बसव," सासूबाई म्हणाल्या. "टाकीला हात लावायचा नाही."

"तो फिर मैं काम नहीं करूंगा, माँजी."

चहाही न पिता तो गेला. यतीनने पेपर उघडला. आईसमोर तोंड उघडायची वेळ आली की याला नेहमी पेपर आठवतो.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. कुकरची शिट्टी झाली की मी वर बघायचे. सांडशी पडली तरी दारापर्यंत पळायचे. भाजी बाहेर हॉलमध्ये चिरायला लागले, आणि रुचिता आत येऊ नये म्हणून किचनच्या दारात पाट आडवा लावून ठेवला. सासूबाईंशी भांडले, हातापाया पडले.

"आई, उद्या पोरीच्या डोक्यात पडलं तर?"

"सतरा वर्षं नाही पडलं."

"आता एक दिवसाआड पाणी येतंय. आपण ड्रम भरून ठेवू ना."

"आज येतंय," त्या म्हणाल्या.

मग एक विचित्र गोष्ट झाली. त्यांनी सगळा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. मी ओट्याशी गेले की हातातून उलथनं काढून घ्यायच्या. "तू बाहेर बस. पोरीकडे बघ." मला वाटलं, रुसल्या. दोन्ही वेळचं जेवण, चहा, दूध, सगळं त्याच करायला लागल्या. पोळ्या लाटताना त्यांची मान खांद्यात गेलेली असायची. मला उशिरा कळलं की त्यांनाही माझ्याएवढीच भीती वाटत होती. टाकी रिकामी करायची नव्हती, म्हणून तिच्याखाली त्या एकट्याच उभ्या राहत होत्या.

रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आतून धप्पकन आवाज आला. मी धावले. ताटाएवढा तुकडा कणकेच्या परातीत पडला होता, परात एका बाजूने चेपली होती. सासूबाई हातात लाटणं धरून उभ्या, केसांवर सगळी पांढरी धूळ. आणि पाट ओलांडून आत गेलेली रुचिता त्यांच्या साडीचा घोळ मुठीत धरून उभी होती. मी किंचाळले, तिला उचललं आणि थेट जिन्यात जाऊन बसले.

सासूबाई मागोमाग आल्या आणि खालच्या पायरीवर बसल्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "टाकी झिरपते. दर दिवाळीआधी तुम्ही बाहेर गेलात की मी खालून पांढरं सिमेंट थापायची."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही ती रिकामी केली असती."

मी संतापाने तोंड फिरवलं. त्या खाली बघत बोलत राहिल्या. अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा, टाकी अजून बांधली नव्हती. सहा दिवस नळाला थेंब नाही. त्यांनी मिठागरापलीकडच्या विहिरीचं पाणी आणलं. घरात रॉकेल नव्हतं, यतीन तहानेने रडत होता. न उकळताच दिलं. त्याला जुलाब-उलट्या लागल्या, अकरा दिवस हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले होते, आशा ठेवू नका.

"मी माझ्या हाताने पाजलं गं," त्या म्हणाल्या. मग उठल्या. "चल. बादल्या काढ."

पाणी मोरीत सोडून देणं त्यांच्याने होणार नव्हतं. म्हणून मी सगळ्या मजल्यांवर दारं वाजवली. बायका बादल्या, हंडे, बेबीचे टब घेऊन आल्या. समोरची हिना दारातच थबकली. "मासी, सगळा पाणी देऊन टाकता? तबियत तर बरोबर आहे ने?" माळ्याखाली सासूबाई कोणाला येऊ देईनात. स्वतः नळाशी उभ्या राहून बादल्या भरायच्या आणि दारापर्यंत आणून द्यायच्या. यतीन मदतीला पुढे झाला तर त्याच्यावर असा हात उगारला की तो परत उंबऱ्याबाहेर. दुपारपर्यंत हे चाललं. शेवटी नळाने गढूळ पिचकारी मारली आणि तो थांबला. त्या नळ फिरवत राहिल्या, उघड, बंद, उघड. मी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. हात गार पडला होता.

जयकुमार परत आला. चार घावांत माळा खाली आला. महिन्याभरात काळं ग्रॅनाइट, स्टीलच्या ट्रॉल्या, हंड्याएवढं चकचकीत सिंक. पाण्यासाठी बाल्कनीत एक निळा ड्रम, एवढ्यावर सासूबाई राजी झाल्या. निदान मला तसं वाटलं.

पहिल्याच दिवशी झाकणं ठेवायला मी खालची ट्रॉली ओढली. ती हलेना. जोर लावून ओढली तर आत सरबताच्या, कोल्ड्रिंकच्या, औषधाच्या जुन्या बाटल्या, सगळ्या काठोकाठ पाण्याने भरलेल्या. शेजारची ट्रॉली उघडली. तीही तशीच. माझं डोकं फिरलं. त्यांना चार शब्द सुनवायचे म्हणून मी ताडकन मागे वळले.

हॉलमध्ये रुचिता पाणी मागत होती. सासूबाईंनी पेला उचलला, एक घोट स्वतः घेतला आणि थांबल्या. पोटावर हात ठेवून, डोळे मिटून, थोडा वेळ तशाच थांबल्या. मग पेला तिच्या तोंडाला लावला.

मी ट्रॉली सावकाश आत ढकलली आणि झाकणांसाठी दुसरी जागा शोधायला लागले.