हातानं सांगितलेलं खोटं

आमच्या क्लबचा इतिहास मीच लिहिलाय. पंचवीस वर्षं झाली तेव्हा सगळे म्हणाले, जुनं खोड तुम्हीच, तुम्हीच लिहा. लिहिला. शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरची डोळ्यांची शिबिरं, शिरोळला पूर आला तेव्हा तालमीत बसून बांधलेली चपाती-भाजीची पुडकी — सगळं आहे त्यात. एक गोष्ट मात्र नाही. ती मी बायकोला सांगितलेली नाही, क्लबातल्या मित्रांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलोय. जरा आडवळणानं येतो — चालेल ना?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी क्लबचा अध्यक्ष झालो. लक्ष्मीपुरीत माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान. धंदा बरा होता, पण मान कुठला? मोटार जळली की लोक येणार आणि मलाच शिव्या घालणार. क्लबात मात्र गळ्यात अध्यक्षाची पट्टी, हातात माइक. मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, पुढचं समजायला सोपं जाईल.

त्या वर्षी आम्ही इचलकरंजीत कान तपासणीचं शिबिर घेतलं. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं, कित्येकांचे कान गेलेले. त्यांतलाच एक बसाप्पा. मशीन लावलं तर याला ऐकू येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायकोही त्याच्याच मागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. तिथं मागाच्या आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून माणसं हातांनी बोलतात. हे दोघं घरीही तसंच बोलायचे. मूलबाळ नव्हतं. शिबिरात डॉक्टरांचं बोलणं ती त्याला बोटांनी सांगत होती, आणि तो मध्येच हसत होता. मी पाहिलंय ते. माहीत नव्हतं म्हणायची सोय मला नाही.

मशिनं आली. खिशात ठेवायची छोटी डबी, तिच्यातून कानापर्यंत वायर. मी ती दुकानात, माझ्या खुर्चीमागच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. द्यायची नव्हती का? द्यायची होती की — पण समारंभात. आमच्यात प्रांतपाल असतात, कितीतरी क्लबांचे मिळून एक प्रमुख. त्यांची तारीख मिळेना. पाहुण्यांशिवाय वाटप म्हणजे नवरदेवाशिवाय वरात, असं आमच्यात कुणीतरी म्हणायचं. कुणीतरी कशाला — मीच म्हणायचो. माझ्या डोक्यात चित्र पक्कं झालं होतं: बसाप्पा स्टेजवर, प्रांतपाल स्वतः त्याच्या कानात मशीन लावतायत, माइकवरून हाक मारतायत, आणि टाळ्या.

तारीख पुढं गेली. पुन्हा पुढं गेली. आणि एक दिवस बसाप्पा दुकानात आला, एकटाच, एसटीनं. ऐकू न येणारा माणूस मोठ्यानं बोलतो. सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"सायेब, मशीन आलं का वो? बायकू हातरुणाला खिळलीया. आता तिला हातबी उचलंना. तोंडानं कायतरी सांगती, मला काय बी उमगंना झालंय."

काय करायला हवं होतं, सांगा? मागं वळायचं, ड्रॉवर उघडायचा. खुर्चीवरून उठायचीही गरज नव्हती. आणि मी काय केलं? हात हलवला. नुसता हात — नाही, अजून नाही. तो माझ्या हाताकडंच बघत होता. मान डोलावून म्हणाला, "बरं. हाताचं कळतंय मला." आणि गेला.

कित्येक वर्षं मी स्वतःची समजूत घातली, की मी खोटं बोललोच नाही. तोंडातून शब्द तरी काढला होता का? काय ही हुशारी! ज्याला हाताचीच भाषा कळत होती, त्याला मी हातानंच फसवलं. आणि कशासाठी? एका फोटोसाठी. लाज वाटते हो. आत्ता हे लिहितानाही वाटतेय.

समारंभ झाला. ठरवला होता अगदी तसाच. प्रांतपालांनी माइकवरून विचारलं, "बसाप्पा, ऐकू येतंय का?" तो दचकला. "येतंय की," म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. फोटोवाल्यानं नेमकं तेच टिपलं. मी खूश होतो. हो, तेव्हा मी खूशच होतो.

कार्यक्रम संपल्यावर तो माझ्याजवळ आला. सवयीनं मी हातानंच विचारलं, बायको कुठाय? आता त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, म्हणून तो अगदी हळू बोलला.

"गेली वो. मागल्या म्हैन्यात. जाताना लई येळ कायतरी सांगत हुती. नुसतं तोंड हलताना दिसायचं." मग माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमी तरी काय करनार? मशीनच आलं न्हवतं."

तेव्हाही मी बोललो नाही. आणि आता तर त्याला ऐकू येत होतं.

तो फोटो क्लबच्या इतिहासात पानभर छापलाय. खालची ओळ माझी आहे — 'कित्येक वर्षांनी आवाज ऐकताना बसाप्पांचे आनंदाश्रू.' ती लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही.