करारातलं यजमान घर

दिग्रसमध्ये शहनाजभाबींच्या घरून उपाशी उठलेला माणूस शोधून सापडणार नाही. नवरा वाहिद कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर. हंगामात मिलवर, हंगाम सरला की घरी. आणि त्या वर्षांत हंगाम दर साली थोडा थोडा आखडतच चालला होता. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याचा व्हरांडा. मुलगी एकच, गझाला. भाबी स्वतः सातवी पास, जिभेने तिखट, पण दारात आलेल्याला 'नाही' म्हणणं त्यांना जमत नसे. मोहल्ल्यातले लोक याचा फायदा घेत. पण मोहल्ल्यातली माणसं निदान भाजीची वाटी परत देताना रिकामी देत नसत. कॉलेजला तेवढीही रीत नव्हती.

कॉलेजच्या संस्थेचे सचिव सदाशिवराव यांना करारांचा नाद होता, जसा एखाद्याला कबुतरांचा असतो. परदेशी विद्यापीठांशी संबंध असले की मूल्यांकनात गुण वाढतात, असं त्यांना कुणीतरी नागपूरला सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्या केबिनच्या भिंतीवर सामंजस्य करार फ्रेम करून लागायला सुरुवात झाली. सात फ्रेमा झाल्या होत्या. सातही करारांत दोन्ही बाजूंनी ज्ञानाची देवाणघेवाण करायचं ठरलं होतं, आणि सह्या झाल्यावर दोन्ही बाजू एकमेकांना विसरून गेल्या होत्या.

आठवा करार मात्र चालू झाला. विद्यापीठ उत्तर युरोपातलं. नाव असं, की ते घेताना प्राचार्यांची जीभ दर वेळी वेगळ्या दिशेला वळे. पण ते लोक खरंच येणार होते, कारण त्या वर्षांत यवतमाळ जिल्हा बघायला सगळेच येत होते. पत्रकार येत, समित्या येत, डॉक्युमेंटरीवाले येत. कापूस कुणालाच नको होता. संकट हवं होतं. त्या विद्यापीठालाही आपल्या विद्यार्थ्यांना ते जवळून दाखवायचं होतं. तेव्हा २००४ च्या सप्टेंबरात करार झाला, तीन वर्षांचा. दर नोव्हेंबरात तिकडचे आठ विद्यार्थी तीन आठवड्यांसाठी इकडे येतील, मुली घरांत राहतील. दर वर्षी इकडचे दोन विद्यार्थी सहा महिने तिकडे जातील, सगळा खर्च त्यांचा. आणि कलम नऊ: ज्या यजमान घरातली मुलगी याच कॉलेजात शिकत असेल, तिला तिच्या शेवटच्या वर्षी जाण्याचा पहिला हक्क.

हे कलम भाबींना स्वतः सदाशिवरावांनी व्हरांड्यात खुर्चीवर बसून सांगितलं होतं.

"भाबी, दोन पोरी तुमच्याकडे देतो. तुमचं घर स्वच्छ. गोऱ्या आहेत, पण गरीब आहेत."

"गरीब म्हंजे?"

"स्वभावानं हो! अन् हे पाहा, आपली गझाला बीएस्सीले आली ना आता?"

"आली ना. पयल्या वर्षाले."

"मंग? तिसऱ्या वर्षी विमानात. लिहून आहे करारात. ज्या घरी पोरी, त्या घरच्या पोरीचा नंबर पयला."

भाबींनी त्याच आठवड्यात वाहिदला पुसदला पाठवलं. त्याने तिथल्या भंगारवाल्याकडून वापरलेला कमोड आणला, एसटीच्या टपावर दोरीने बांधून. स्टँडपासून घरापर्यंत तो हातगाडीवर आला तेव्हा अर्धा मोहल्ला मागे चालत होता. "वाहिदभाई, तख्त आणलं का?" असं लोकांनी विचारलं. पोरगी विमानात बसणार असेल तर बाप कमोडही आणतो.

पहिल्या वर्षी मुली आल्या त्या ऐन रमजानमध्ये. भाबी पहाटे उठून रोज्याआधीची सहरी करीत, मग दिवसभर तोंडात पाण्याचा थेंब न घेता मुलींची न्याहारी आणि दुपारचं जेवण रांधत. चव बघता येत नसे, म्हणून मीठ अंदाजाने. त्यातली मारिट नावाची मुलगी मांस खात नव्हती, तिच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी पळी. मुली वह्या घेऊन गावोगाव हिंडत आणि संध्याकाळी इफ्तारला सगळ्यांच्या आधी खजूर घेऊन बसत. ईदला भाबींनी दोघींना नवे सलवार-कमीज शिवले. मोहल्ला त्यांना भाबी म्हणे, म्हणून मुलीही भाबीच म्हणू लागल्या.

मुली गेल्यावर कॉलेजचा क्लार्क धरमसिंग व्हाउचरचं बुक घेऊन आला.

"भाबी, इथं सही करा. पाहुण्यांच्या खाण्यापिण्याचं तिकडून आलं आहे."

"काय आलं आहे?"

"खर्च. सही केली की देतो."

भाबींनी कमरेवर हात ठेवले. "धरमसिंगभाऊ, रमजानच्या महिन्यात माह्या घरी पाहुणं जेवलं, त्याची पावती करू मी? वर काय तोंड दाखवू?"

"पण भाबी, कागद पुरा करा लागते."

"कागद तुमचा, तुम्ही पाहा. बसा, शेवई आहे ईदची, खाऊन जा."

धरमसिंग शेवई खाऊन कोरं व्हाउचर घेऊन गेला. वाहिद मात्र चिडला. "सही केली असती तं काय बिघडत होतं?"

"तुमच्या बहिणीकडे जेवून आले तं पावती फाडते का ते?"

"माही बहीण जेवूच कुठी घालते?" वाहिद म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला. पुढची दोन वर्षंही भाबींनी सही केली नाही. एकदा नाही म्हटलं ते नाही.

तीन वर्षं असंच चाललं. गझालाचं इंग्रजी असं झालं, की कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक परदेशी पाहुणे आले की तिला शोधत फिरत. वनस्पतिशास्त्रात ती दर वर्षी पहिली. मुली भाबींना प्रश्न विचारत: कापसाच्या संकटाचा तुमच्या कुटुंबावर काय परिणाम झाला? भाबी कांदा चिरता चिरता सांगत, "मिल चार महिने चाले, आता अडीच महिने चालते. लिहा." त्या लिहीत. त्यांच्या अहवालात 'भाबी' या बाईवर दोन पानं होती आणि त्यात 'खंबीर' या अर्थाचा एक इंग्रजी शब्द होता. गझालाने त्याचा अर्थ सांगितल्यावर भाबी म्हणाल्या, "खंबीर नसती तं ह्या पोरींच्या कमोडात बादल्या कोणी ओतल्या असत्या?"

२००७ च्या जानेवारीत यादी लागली. गझालाचं शेवटचं वर्ष. दोन नावं होती: संस्थेच्या एका संचालकाचा मुलगा, आणि वृषाली. वृषाली म्हणजे सदाशिवरावांची पुतणी, त्यांच्या वहिनी रुक्माबाई यांची मुलगी. तिचंही शेवटचं वर्ष होतं, आणि दोन्ही वर्षं ती काठावर पास झाली होती. नावापुढे लिहिलं होतं: यजमान कुटुंब, कलम नऊ.

भाबी ऑफिसात गेल्या. धरमसिंगने रजिस्टर काढलं, पण वर पाहिलं नाही. तीन वर्षं, भाबींकडच्या सहा पाहुण्या मुली, आणि प्रत्येक नावासमोर यजमानाची सही: रुक्माबाई.

"तुम्ही सही केली नाही ना, भाबी. ऑडिटले सही लागते. साहेब म्हणाले, वहिनीची घ्या."

"अन् ते आलेले पैसे कुठी गेले?"

"सही ज्याची, त्याले."

"रुक्माबाईच्या घरी कोण झोपलं, धरमसिंगभाऊ?"

"कागदावर पोरी झोपल्या." तो हळूच म्हणाला. त्या पोरी जिथे खरंच झोपल्या, त्या घरची ईदची शेवई त्याने खाल्ली होती.

सदाशिवराव भेटले नाहीत. मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्ये होते. तीन वर्षं ज्यांना भाबींच्या व्हरांड्याचा रस्ता पाठ होता, त्यांना आता स्वतःच्या केबिनबाहेर यायला फुरसत नव्हती.

फेब्रुवारीत मात्र ते आपल्या पायांनी आले. करार वाढवण्यासाठी तिकडचे प्राध्यापक आले होते, आणि येताना त्यांनी एक सन्मानपत्र करून आणलं होतं, यजमान मातेसाठी. नाव रजिस्टरवरून घेतलं होतं, रुक्माबाई. फोटो मारिटच्या अल्बममधून घेतला होता, शहनाजभाबींचा. ते आदल्या दिवशी हॉटेलात पाहून सदाशिवरावांना घाम फुटला होता.

"भाबी, उद्याच्या कार्यक्रमात फक्त दहा मिनिटं," ते म्हणाले. "नाव घेतलं की उठायचं, सन्मानपत्र घ्यायचं, बसायचं. बोलायचं काही नाही."

"नाव कोणाचं घेणार?"

"रुक्माबाईचं."

"अन् उठू मी?"

"फोटो तुमचा आहे ना!"

"रुक्माबाई कुठी राह्यतील तवा?"

"वहिनी पयल्या रांगेत. पाहुण्या म्हणून." सदाशिवरावांनी खुर्ची पुढे ओढली. "हे पाहा, मी माणूस वाईट नाही. तुम्ही एवढं करा, गझालाचं नाव घालतो. वृषालीचं काढतो. घरात भांडण झालं तं झालं."

आतून वाहिदचा आवाज आला, "हो म्हण." मग आणखी हळू, "शहनाज, हो म्हण. दहा मिनिटाचं काम आहे."

खरं सांगायचं तर भाबी तयार झाल्याच होत्या. दुसऱ्याच्या नावाने उभं राहणं ही त्यांना फार मोठी गोष्ट वाटली नाही. दुसऱ्याच्या नावाने त्यांचा स्वयंपाक तीन वर्षं खपलाच होता. गझाला दारात उभी होती.

"अम्मी, तू रुक्माबाई झालीस, तं मी कोणाची पोरगी म्हणून जाऊ?"

"म्हंजे?"

"फॉर्मवर आईचं नाव लागते. मार्कशीटवर शहनाज आहे. यजमान रुक्माबाई. उद्या तू सगळ्यांसमोर रुक्माबाई म्हणून उठलीस, की कलम नऊ पक्कं वृषालीचं."

सदाशिवराव घाईघाईने म्हणाले, "ते मी पाहून घेतो ना, बेटा. कागदाचं माझ्यावर सोड."

"मंग नवी यादी आज लावा," भाबी म्हणाल्या. "यादी लागली की मी येतो उठायले."

"कार्यक्रम झाला की लगेच."

"आज."

"भाबी, विश्वास नाही का?"

भाबींनी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आत गेल्या. सदाशिवरावांनी हा होकार समजला. ज्या घरातून कधी नाही ऐकलं नव्हतं, त्या घराबद्दल माणूस असाच खात्रीशीर असतो.

दुसऱ्या दिवशी सभागृहात हार होते, समई होती, दोन्ही देशांचे झेंडे होते. त्यातला एक उलटा लावला होता आणि तो सरळ करायला कुणी धजावत नव्हतं. यादी जुनीच होती. भाबींनी आत येताना बोर्डासमोर थांबून गझालाकडून वाचून घेतली. मग त्या तिसऱ्या रांगेत बसल्या.

भाषणं झाली. दोन संस्कृतींचा सेतू झाला. मग निवेदिकेने यजमान माता म्हणून नाव पुकारलं, "श्रीमती रुक्माबाई." सदाशिवराव मंचावरून भाबींकडे बघत होते, आधी नजरेने, मग मानेने, मग हाताने.

भाबींनी ओढणी सारखी केली आणि पहिल्या रांगेकडे वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उठा ना रुक्माबाई! तुमचं नाव घेतलं."

रुक्माबाई बिचाऱ्या साध्या. दीर सांगेल तिथे सही करणाऱ्या. लोक टाळ्या वाजवू लागल्यावर त्या गडबडून उठल्या आणि मंचावर गेल्या. प्राध्यापकांनी सन्मानपत्रावरचा फोटो पाहिला, समोरची बाई पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. मग त्यांची नजर सभागृहावरून फिरत तिसऱ्या रांगेवर थांबली. त्यांना कळलं. कळलेलं चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसलं. मग फोटोग्राफरने "सर, स्माइल" म्हटलं आणि ते हसले. सन्मानपत्र रुक्माबाईंच्या हातात गेलं. पाच मिनिटांनी पुढच्या पाच वर्षांच्या करारावर सह्या झाल्या. विद्वान माणसं, पण सही करायला कुणाचाच हात अडला नाही.

जेवणाच्या वेळी प्राध्यापक ताट घेऊन स्वतः भाबींकडे आले. भाषांतराला गझालाच होती. कॉलेजात दुसरं कुणी नव्हतं. ते बराच वेळ बोलले. गझालाने खालच्या आवाजात सांगितलं, "म्हणून राह्यले की झालं ते वाईट झालं. पण ही इथल्या कॉलेजची आतली गोष्ट आहे, त्यायले त्यात पडता येत नाही. अन् त्यायच्या पोरी तुह्यी लय आठवण काढतात. नोव्हेंबरात येणाऱ्या दोघींले तुह्याकडेच राहाचं आहे."

"अन् तुह्यं काय?"

"मी विचारलं नाही, अम्मी."

"विचार."

गझालाने विचारलं. प्राध्यापकांनी आपुलकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उत्तर दिलं. यादी इथलं कॉलेज करतं. भागीदाराच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.

भाबींनी हे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सांग, आमच्या घरी जागा नाही."

गझाला आईकडे बघत राहिली. हे वाक्य तिने या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग तिने इंग्रजीत सांगितलं. प्राध्यापक मान हलवू लागले, हसू लागले, "नो, नो," म्हणू लागले.

"एवढं लंबं काहून झालं?" भाबींनी विचारलं. "मी तं चारच शब्द बोलली."

"सॉरी जोडलं, अम्मी. इंग्रजीत जोडा लागते."

"कोणाच्या वतीनं?"

प्राध्यापक अजून मान हलवतच होते.

"काढ ते," भाबी म्हणाल्या. "अन् पुन्हा सांग."

गझालाने पुन्हा सांगितलं. या वेळी ते अगदी थोडक्यात झालं. प्राध्यापकांचं हसू ओसरलं. ते "आय सी" म्हणाले, थोडा वेळ ताटातल्या जिलबीकडे पाहत उभे राहिले, आणि मग सदाशिवरावांनी हाक मारली तसे ग्रुप फोटोसाठी निघून गेले.