डोकेवाले सरांचं पोतं

डोकेवाले सर माणसाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथं त्यांची नजर येऊन थांबायची, आणि आपल्या डोक्यात काहीतरी वळवळतंय असं वाटून समोरचा माणूस टोपी नीट करायचा. मी पहिल्या भेटीत विंचरलेले केस पुन्हा विंचरले होते.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. नागपूरच्या एका संशोधन केंद्राला शेतकऱ्यांच्या मेंदूचे फोटो काढायचे होते. धानावर वर्षानुवर्षं औषध फवारणाऱ्याचा मेंदू आकसतो का, एवढंच बघायचं होतं. आकडेमोड सरांकडे, आणि गोंदिया जिल्ह्यातून माणसं पटवून जीपमध्ये घालायचं काम माझ्याकडे. माझ्या जिभेला याहून शोभणारी नोकरी पुन्हा मिळाली नाही. सडक अर्जुनीच्या ढाब्यावर उभा राहून मी जाहीर करायचो, "डोक्याचा फोटो फुकट, वरतून जेवण," की जीप भरली.

सरांना कोणतीही गोष्ट जोडीनं आलेली खपत नसे. नवराबायको आले तर एकाला बाकाच्या या टोकाला बसवायचे, दुसऱ्याला त्या टोकाला. चहासोबत समोसा खाल्ला की विचारायचे, "तरतरी आली ती चहानं, का समोशानं?" मी म्हणायचो, सर, तुम्ही खाऊ घातलं त्यानं. ते हसायचे नाहीत.

पहिले निकाल आले तेव्हा मात्र मला हसून हसून ठसका लागला. कॉम्प्युटरला नुसतं वय दिलं तर तो म्हणाला, मेंदू वयानं आकसला. नुसती फवारणीची वर्षं दिली तर म्हणाला, फवारणीनं. दोन्ही एकदम दिली तर दोघंही निर्दोष सुटले. त्यात आणखी एक माणूस घातला, तर फवारणीनं मेंदू वाढतो असं उत्तर आलं. मी म्हटलं, सर, आता औषध प्यायलाच द्या लोकांना. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

कारण समजावायला त्यांनी मला गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये नेलं. दोन हमाल मिळून एक पोतं उचलत होते. जास्त वजन कोण उचलतं, असं सरांनी विचारलं. दोघंही म्हणाले, मी.

"पाहिलं? पोतं तर उचललं गेलं," सर म्हणाले. "पण हे दोघं रोज सोबतच उचलून राहिले, तर कोनाच्या खांद्यावर किती, हे कोनतंच गणित सांगत नाही. आपले म्हातारे तसेच. जो जितका म्हातारा, त्यानं तितकं फवारलेलं. एकटा उचलनारा सापडला पाहिजे."

केंद्रातले मोठे डॉक्टर घाईत होते. फवारणीचा रकाना काढा आणि वयाचं लिहून मोकळे व्हा, असं त्यांनी सांगितलं. सर त्यांच्या कपाळाच्या वर बघत म्हणाले, "रकाना काढला म्हनून औषध धानाच्या बांधीतून जाते का? त्याचा गुन्हा वयाच्या नावावर चढते फक्त."

मग आमची एकट्यांची शोधाशोध सुरू झाली. कधीच फवारणी न केलेला वयस्क माणूस हवा होता, तर सरांनी पहिलं आपलंच डोकं मशीनमध्ये घातलं. फोटो स्वच्छ आला. दुसरा हवा होता तो तरणा, पण पोरवयापासून फवारत आलेला. असा माणूस मला ठाऊक होता. सरांच्या गावाला, सगळ्या दवनीवाड्याला ठाऊक होता. म्हणूनच सर दवनीवाडा सोडून बाकी सगळी गावं फिरत होते.

तो माणूस म्हणजे टेकचंद, सरांचा बारा वर्षांनी धाकटा भाऊ. सर नागपूरला शिकत असताना वडील गेले. टेकचंदनं शाळा सोडली, पाठीला पंप लावला, घरची बांधी सांभाळली आणि धानावर तुडतुड्याची कीड आली की मजुरीनं गावभरची फवारली. सरांचं शिक्षण त्या पंपावर झालं.

शेवटी तोच एका सकाळी येऊन माझ्या जीपमध्ये बसला. नागपूरला सरांपुढं उभा राहून म्हणाला, "काऊन गा दादा, साऱ्या जिल्ह्याचे डोके पाहून राहिला. माह्यं कायले नाही चालत तुले?"

सरांनी पहिल्यांदाच एखाद्याच्या तोंडाकडे बघितलं.

फोटो निघाला. सरांनी आपला आणि त्याचा, दोन्ही उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावले. एकात मेंदूच्या वळ्या गच्च बसलेल्या. दुसऱ्यात वळ्यांमधल्या काळ्या फटी रुंदावलेल्या, उन्हाळ्यात बांधीला पडतात तशा. कोणता कोणाचा, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"यातला माह्या कोनता?" टेकचंदनं विचारलं.

सरांचं बोट हललं आणि गच्च वळ्यांच्या फोटोवर टेकलं. "हा."

"मंग बेस आहे," टेकचंद खूश झाला. "तुह्यंच डोकं झिजलं शिकून शिकून. चाल, मी निघतो. उद्या फवारा आहे."

सर एकदम उठले. "उद्यापासून पंप मी घेईन. डोकं झिजलं माह्यं, आता ते काम होत नाही इथलं."

मला वाटलं, चार दिवसांचं नाटक असेल. पण सर नोकरी सोडून गावी गेले. ते गेल्यावर फवारणीचा रकाना काढला गेला आणि अहवाल वयावर लिहून झाला. मी एकदा विचारलं होतं, सर, हे कोणतं गणित? म्हणाले, "इतके वर्सं त्यानं एकट्यानं उचललं."

बऱ्याच वर्षांनी दवनीवाड्याला गेलो. टेकचंद बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून होता, हात मांडीवर थरथरत होता. बांधीत सर, तोंडाला गमछा, पाठीला पंप. मला बघून आले. माझ्या कपाळाच्या वर खूप वेळ बघत राहिले, आणि मला भलत्याच नावानं हाक मारली. मी दुरुस्त केलं. थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक.

वयानं होत असेल, मी मनाशी म्हटलं. मग पाठीवरच्या पंपाकडे लक्ष गेलं. आमच्या आकड्यांतला तो नुसत्या वयाचा एकटा, स्वच्छ माणूस आता एकटा उरला नव्हता.