भिंतीवरचे ब्रेकमास्तर

माझा धंदा लोकांना गाडी शिकवायचा. आमच्या वस्तीतल्या गल्ल्या मला तोंडपाठ आहेत, हे मी येईल त्याला ऐकवत आलोय. गतिरोधक कुठे, खड्डा कुठे, कुठल्या फाटकातून अचानक सायकल घुसते, काहीही विचारा. एक डोळा त्या खड्ड्यांवर आणि दुसरा शिकणाऱ्याच्या पायांवर. वर भिंतींकडे बघायचं तर तिसरा डोळा लागेल, तो काही आमच्याकडे नाही.

शिकवणीच्या गाडीत आमच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण दाबायचा. मी तो चुकायच्या आधीच दाबतो. पुढे कबूतर असल्याची नुसती शंका आली तरी दाबतो. आजवर एकही अपघात नाही, म्हणून स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतो. दुसरं कोणी थोपटायला आलेलं नाही.

यंदा बायको शिकायला बसली. ती नर्स. गावाबाहेरच्या छोट्या दवाखान्याची जबाबदारी तिला मिळायची होती आणि त्या जागेवर तिचा कधीपासून जीव होता. पण तिकडे बस जात नाही, स्वतः गाडी चालवत जावं लागतं. लायसन्सच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. आता सोमवारी पुन्हा परीक्षा. तिथेही घोडं अडलं, तर जागा दुसरीला जाणार होती.

नापास झाली कशी, तर थांबायची पांढरी रेघ आली आणि बाईसाहेब सरळ पुढे. "लक्ष कुठे होतं तुझं?" मी घरी आल्यावर झापलं होतं. ती गप्प राहिली. ती गप्प राहिली की मला वाटतं, आपलंच बरोबर. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी वाटतं.

शनिवारी सरावाला निघालो. पाण्याच्या पंपापाशी तिने वेग कमी केला.

"केवढी मासळी आहे बघा," ती म्हणाली.

मी आधी ब्रेक दाबला, मग रस्त्यावर मासळी शोधली.

"अहो, भिंतीवर."

"समोर बघ तू."

पुढे बसडेपोची लांब भिंत लागते आणि तिथे वळण आहे. त्या वळणावर ती खुदकन हसली. मला नवल वाटलं नाही. तिथे झाडून सगळे शिकाऊ हसतात. वळण अवघड, भीतीने हसू फुटतं, असं माझं शास्त्र. नव्या लोकांना मी आधीच सांगून ठेवतो, की इथे हसू येईल, घाबरायचं नाही.

"येतं हसू," मी तिला धीर दिला. "अवघडच आहे वळण."

तिने माझ्याकडे बघितलं, गाडी कडेला घेतली (ब्रेक अर्थात मीच दाबला) आणि किल्ली काढून पर्समध्ये टाकली. "उतरा. आज पायी फिरायचं."

आधी तिने मागे नेलं. पंपाच्या खोलीवर खरंच भलीमोठी मासळी होती, नळातून उलटी वर चढणारी. विजेच्या पेटीवर कुणीतरी घरातलं कपाट रंगवलं होतं, अर्धवट उघडं दार, आत घडी घातलेल्या चादरी आणि त्यांवर झोपलेलं मांजर. ती पेटी मी रोज खूण म्हणून सांगतो, "पेटीपाशी तिसरा गिअर". मांजर आजच कळलं. थोड्याच वेळात मी हात मागे बांधून, मान तिरकी करून, "निळा जरा जास्तच झालाय हं" वगैरे बोलू लागलो. सकाळपर्यंत मला निळा आणि जांभळा यांतला फरक बायकोच्या साडीवरून कळायचा, तोही ती रागावल्यावर.

मग डेपोची भिंत आली. आमची अख्खी वस्तीच तिच्यावर होती. शिंपी, इस्त्रीवाला, पाणी भरणाऱ्या बायका. आणि वळणावर एक छोटी गाडी. स्टिअरिंगवर एक मुलगी, डोळे लांब रस्त्याकडे, केस उडताहेत. शेजारी एक ढेरपोट्या माणूस, अंग चोरून बसलेला, तोंड वासलेलं, नजर मुलीच्या पायांवर. त्याचा स्वतःचा पाय मात्र गाडीएवढा मोठा. खाली लिहिलं होतं, 'ब्रेकमास्तर'.

"कोण आहे हा?" मी विचारलं. पोटावरून ओळखलं होतं, तरी विचारलं.

"सगळी वस्ती तुम्हाला हेच म्हणते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "उद्याच चुना फासतो याच्यावर. काढलं कोणी?"

"बोर्ड रंगवणारी पोरगी. तुमच्याकडे शिकली, नापास झाली, मग दुसरीकडे जाऊन पास झाली." तिने चित्रातल्या त्या मोठ्या पायावर बोट ठेवलं. "त्या दिवशी रेघ मला दिसली होती हो. मी सवयीने तुमच्या पायाची वाट बघत बसले."

मला फार वाईट वाटलं. भिंतीचं नाही, मी तिला झापलं होतं त्याचं.

रविवारी मी गाडीत सीटवर चक्क मांडी घालून बसलो. पाय पोहोचायलाच नकोत. गुडघा दाराला लागत होता आणि जीव मुठीत होता. बघायला काही हवं म्हणून मी भिंती बघत होतो. मासळी गेली, मांजर गेलं. डेपोच्या वळणावर फाटकातून सायकल आली. गाडी अलगद थांबली. मी मांडीकडे बघितलं, पाय जागेवरच होते.

सोमवारी परीक्षेला आत साहेब आणि ती, बाहेर बाकावर मी. गाडी रेघेकडे येऊ लागली. वेग जास्त वाटला. मला नेहमीच वाटतो. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पुढची चाकं रेघेच्या अलीकडे उभी होती आणि साहेब कागदावर सही करत होते.

ती आली ती हसतच. "झाले पास. तुमचा पाय कुठे होता?"

"मांडीत," मी म्हणालो.

तिने बाकाखाली बघितलं. माझ्या बुटाने मातीत वीतभर खड्डा पाडला होता.